आपल्या मुलखाचा मंत्री

१९४१ च्या फेब्रुवारीत विन्स्टन चर्चिल यांनी टॉम जॉन्स्टन यांना बोलावून घेतले आणि स्कॉटलंड खात्याचे मंत्रिपद त्यांच्यापुढे ठेवले. लंडनवर रात्रीमागून रात्री बाँब पडत होते आणि युरोपचा मोठा भाग हिटलरच्या टाचेखाली होता. अशा वेळी सर्वपक्षीय सरकारात मानाची जागा चालून आलेली असताना जॉन्स्टन यांनी आढेवेढे घेतले. साठीला टेकलेल्या या मजूर पक्षाच्या खासदाराला राजकारण सोडून इतिहासाची पुस्तके लिहायची होती. इतिहास लिहिण्याऐवजी माझ्याबरोबर तो घडवायला या, अशा आशयाचे चर्चिल बोलले, असे जॉन्स्टन यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे. मग त्यांनी अटी सांगितल्या. स्कॉटलंड खात्याचे जे जे माजी मंत्री हयात आहेत, ते कोणत्याही पक्षाचे असोत, त्यांची एक परिषद बसवायची. ज्या प्रश्नावर या परिषदेचे एकमत होईल, त्याला पंतप्रधानांनी पाठबळ द्यायचे. आणि या पदाचा पगार आपण घेणार नाही. चर्चिल यांनी तिन्ही गोष्टी मान्य केल्या.

त्यानंतरच्या सव्वाचार वर्षांत स्कॉटलंडमध्ये जे उभे राहिले, त्यातले पुष्कळसे आजही वापरात आहे. हायलँड्सच्या डोंगरांतून आजही वीज येते. युद्धासाठी बांधलेल्या ज्या रुग्णालयांत त्यांनी सामान्य कामगारांवर उपचार सुरू केले, त्यांतली काही पुढे राष्ट्रीय आरोग्य सेवेचा कणा बनली. तरीही ब्रिटिश राजकारणाच्या जाड ग्रंथांत जॉन्स्टन यांच्या वाट्याला एखादा परिच्छेद येतो, आणि मराठीत तर त्यांच्याविषयी जवळजवळ काहीच लिहिले गेलेले नाही. हा माणूस लंडनच्या सत्तेच्या अगदी जवळ गेला आणि तिथून आपल्या मुलखाकडे परतला. तो का परतला आणि परतून त्याने काय केले, हे सांगण्यासाठी हे पुस्तक आहे.

ग्लासगोच्या ईशान्येला कर्किंटिलॉक नावाचे छोटे गाव आहे. फोर्थ आणि क्लाइड या नद्यांना जोडणारा कालवा या गावातून जातो. १८८१ मध्ये टॉम जॉन्स्टन इथे जन्मले. घर दुकानदाराचे, खाऊनपिऊन सुखी. त्यांच्या पिढीचे बहुतेक मजूर नेते खाणीतून किंवा कारखान्यातून वर आले. जॉन्स्टन त्यांतले नव्हते, आणि हा फरक त्यांच्या स्वभावात शेवटपर्यंत दिसतो. गरिबी त्यांनी अंगावर सोसली नव्हती, ती पाहिली आणि अभ्यासली होती. म्हणून त्यांच्या लिखाणात संताप येतो तो दस्तऐवज, हिशेब आणि जमिनीची जुनी कागदपत्रे हाताशी घेऊन.

दूरच्या एका नातेवाइकाकडून एक छापखाना त्यांच्या हाती आला. १९०६ मध्ये पंचविशीतल्या या तरुणाने त्याच्या बळावर ‘फॉरवर्ड’ हे समाजवादी साप्ताहिक सुरू केले. दारूची जाहिरात घ्यायची नाही आणि जुगाराच्या बातम्या छापायच्या नाहीत, हा पहिल्यापासूनचा नियम. समाजवादी, स्त्रियांच्या मताधिकाराचे पुरस्कर्ते, आयर्लंडचे स्वातंत्र्यवादी, स्कॉटलंडला स्वतःचे कायदेमंडळ हवे म्हणणारे असे सगळे या पानांवर एकमेकांशी वाद घालत. आयर्लंडचे जेम्स कॉनोली त्यात लिहीत, आणि पुढे ब्रिटनच्या घरबांधणीच्या कायद्यावर आपला ठसा उमटवणारे जॉन व्हीटलीही. १९१५ मध्ये ग्लासगोच्या गव्हन भागात मेरी बार्बर यांच्या पुढाकाराने घरकामात गुंतलेल्या बायकांनी भाडेवाढीविरुद्ध संप पुकारला, भाडे देणे बंद केले आणि जप्तीला आलेल्या बेलिफांना दारातून परत पाठवले. ‘फॉरवर्ड’ त्यांच्या बाजूने ठामपणे उभे होते. त्याच वर्षाच्या शेवटी सरकारने भाडेनियंत्रणाचा कायदा केला.

पण ‘फॉरवर्ड’चे नाव सर्वदूर झाले ते वेगळ्या कारणाने. १९१५ च्या नाताळाच्या दिवशी दारूगोळा खात्याचे मंत्री लॉइड जॉर्ज ग्लासगोच्या सेंट अँड्र्यूज हॉलमध्ये कामगारांसमोर बोलायला आले. कसबी कामगारांच्या जागी अकुशल माणसे घेण्याचे सरकारी धोरण त्यांना पटवायचे होते. सभेत कामगारांनी त्यांना बोलूच दिले नाही. वर्तमानपत्रांनी सरकारने पुरवलेला सौम्य वृत्तान्तच छापावा, अशी अपेक्षा होती. ‘फॉरवर्ड’ने सभेत खरोखर काय झाले ते आरडाओरड्यासकट छापले. जानेवारी १९१६ मध्ये पोलिसांनी अंक जप्त केला आणि साप्ताहिक काही आठवडे बंद पाडले. बंदी उठल्यावर अंक पुन्हा निघू लागला, आणि या सगळ्यातून वाचकांचा त्याच्यावरचा विश्वास वाढला.

याआधीच, १९०९ मध्ये, जॉन्स्टन यांनी ‘अवर स्कॉट्स नोबल फॅमिलीज’ हे पुस्तक लिहिले होते. स्कॉटलंडच्या बड्या जमीनदार घराण्यांनी जमिनी कशा मिळवल्या, चर्चच्या मालमत्तेवर कसा हात मारला, गावांची सामायिक राने कशी गिळली, याची ही घराण्यागणिक हजेरी आहे. पुस्तकाच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या. आजही ते वाचताना त्याचा वेग अंगावर येतो. उतारवयात मात्र जॉन्स्टन यांनी हे पुस्तक एकांगी आणि विनाकारण बोचरे असल्याचे म्हटले. मला वाटते, इथे त्यांनी तरुणपणच्या स्वतःवर अन्याय केला. मांडणी एकांगी असेल, पण तिचा गाभा खोटा नव्हता. शिवाय हायलँड्समधल्या ज्या रिकाम्या दऱ्यांसाठी त्यांनी पुढे आपली सगळी ताकद लावली, त्या रिकाम्या होण्यामागे हीच घराणी होती. १९२० च्या सुमारास आलेला त्यांचा स्कॉटलंडच्या श्रमिकांचा इतिहास अधिक संयत आणि अधिक टिकाऊ आहे. १७९९ पर्यंत स्कॉटलंडचे कोळसा खाणकामगार कायद्याने खाणीला बांधलेले होते, खाण विकली तर माणसेही तिच्याबरोबर जात, हे त्या पुस्तकाने कित्येक वाचकांना पहिल्यांदा सांगितले.

लिहिण्याच्या जोडीने गावातले कामही चालू होते. कर्किंटिलॉकच्या शाळामंडळावर आणि नंतर नगरपरिषदेवर ते निवडून आले. मजूर पक्षाचे पुढारी पार्लमेंटकडे डोळे लावून बसलेले असताना जॉन्स्टन मात्र गावात काय करता येईल ते शोधत राहिले. १९२० मध्ये कर्किंटिलॉकने नगरपरिषदेची स्वतःची बँक काढली. स्कॉटलंडमध्ये असे पहिल्यांदाच घडत होते. नगरपरिषदेला बँक काढण्याचा कायदेशीर अधिकार नव्हता. तेव्हा साध्या कंपनी कायद्याखाली कंपनी नोंदवायची आणि नगरसेवकांनाच भागधारक करायचे, ही वाट काढली गेली. गावातल्या लोकांची बचत गावाच्या कामाला लागू लागली. गावाचे चित्रपटगृहही नगरपरिषदेने चालवले. मतदानाने गावात दारूबंदी आली, आणि ती साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकली. दारूबंदीविषयीचे त्यांचे सगळे विचार मला पटत नाहीत. पण गावाने मत देऊन ठरवलेली गोष्ट चार दशके पाळली, हे विसरण्यासारखे नाही.

१९२२ च्या निवडणुकीत जॉन्स्टन पश्चिम स्टर्लिंगशायरमधून निवडून आले. ग्लासगोत मजूर पक्षाने पंधरापैकी दहा जागा जिंकल्या होत्या. क्लाइड नदीकाठच्या या जहाल खासदारांना लंडनच्या गाडीत बसवायला स्टेशनवर प्रचंड गर्दी लोटली. जेम्स मॅक्स्टन हे या गटाचे सर्वांत लोकप्रिय वक्ते होते. जॉन्स्टन त्यांचे मित्र, पण घडणीने वेगळे. मॅक्स्टन सभागृह हलवून सोडत. जॉन्स्टन समित्यांत बसत, कागद वाचत, आणि कोणत्या खात्यात कोणता अधिकारी खरे काम करतो हे पाहून ठेवत.

१९२४ मध्ये त्यांची जागा गेली, पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात डंडीच्या पोटनिवडणुकीतून ते पार्लमेंटमध्ये परतले. इथे त्यांच्या आयुष्याचा धागा भारताशी जुळतो, आणि म्हणून या पुस्तकातले तिसरे प्रकरण मी जरा सविस्तर लिहिले आहे. डंडी हे तागाचे शहर. बंगालच्या शेतात पिकणारा ताग जहाजाने डंडीला जाई. हा चिवट धागा सुताच्या यंत्रावर चढवण्यापूर्वी तेलात मऊ करावा लागे. डंडी हे देवमाशांच्या शिकारीचे बंदर असल्यामुळे ते तेल तिथे हाताशी होते. गिरण्यांत बायकाच बहुसंख्य होत्या, कारण त्यांना कमी मजुरी द्यावी लागे. कित्येक घरांत बाई गिरणीत आणि नवरा बेकार, चूल सांभाळणारा. १८५५ मध्ये कोलकात्याजवळ रिशऱ्याला तागाची पहिली गिरणी निघाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हुगळीकाठच्या गिरण्यांनी डंडीला मागे टाकले. त्यांतल्या यंत्रसामग्रीत, भांडवलात, व्यवस्थापकांत आणि देखरेख करणाऱ्या फोरमनांत डंडीचा मोठा वाटा होता. डंडीचा पैसा बंगालात नफा मिळवत होता आणि डंडीच्या बाया बेकार होत होत्या.

१९२५ मध्ये जॉन्स्टन आणि डंडीच्या ताग कामगार संघटनेचे चिटणीस जॉन सायम बंगालला आले. गिरण्या आणि कामगारांच्या वस्त्या त्यांनी पाहिल्या, मजुरीचे आकडे आणि कंपन्यांचे लाभांश शेजारी शेजारी मांडले. १९२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाचे नावच ‘एक्सप्लॉयटेशन इन इंडिया’ असे आहे. भागधारकांना वर्षानुवर्षे भरमसाट लाभांश आणि कामगाराला आठवड्याला काही शिलिंग, असे ते चित्र होते. बंगालच्या कामगाराने संघटित व्हावे आणि त्याची मजुरी वाढावी, त्यातच डंडीच्या कामगाराचेही भले आहे, असा अहवालाचा रोख होता. स्वतःच्या मतदारांची रोजीरोटी जिथे जात होती, तिथल्या मजुराला शत्रू न मानता तिथल्या मालकाचे हिशेब तपासणारा खासदार त्या काळात दुर्मीळच होता. तरी एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. जॉन्स्टन साम्राज्याचे टीकाकार होते, पण साम्राज्य संपलेच पाहिजे असे म्हणणाऱ्यांपैकी नव्हते. ते सुधारता येईल, त्याचा कारभार श्रमिकांच्या हिताने चालवता येईल, अशी आशा त्यांना बरीच वर्षे वाटत राहिली. भारतीय वाचकाला ही मर्यादा खटकणार, आणि खटकलीच पाहिजे.

१९२९ मध्ये मजूर पक्षाचे सरकार आले आणि जॉन्स्टन पुन्हा पश्चिम स्टर्लिंगशायरमधून निवडून येऊन स्कॉटलंड खात्याचे उपमंत्री झाले. या काळातली सेंट किल्डाची घटना त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाची किल्ली आहे, असे माझे मत आहे. आउटर हेब्रिडीजच्याही पश्चिमेला, भर अटलांटिकमध्ये, सेंट किल्डा हा बेटांचा पुंजका. तिथली माणसे शतकानुशतके समुद्रपक्षी, त्यांची अंडी आणि मेंढ्या यांच्यावर जगली. तरुण निघून गेले, हिवाळ्यात होडी लागेना, आजारात मदत मिळेना. १९३० च्या मे महिन्यात उरलेल्या लोकांनी सरकारला अर्ज केला: आम्हाला इथून हलवा. लंडनच्या दृष्टीने हा अगदी किरकोळ विषय. जॉन्स्टन यांनी तो स्वतःकडे घेतला आणि बेटावर जाऊन लोकांशी बोलून स्थलांतराची व्यवस्था पाहिली. २९ ऑगस्ट १९३० रोजी ३६ माणसे नौदलाच्या ‘हेअरबेल’ या जहाजावर चढली. त्यांच्या दुःखाचे जाहीर प्रदर्शन होऊ नये म्हणून छायाचित्रकारांना दूर ठेवण्याचा सरकारचा आग्रह होता. पुरुषांना मुख्य भूमीवर वनखात्यात कामे दिली गेली. सेंट किल्डावर एकही झाड नाही. झाड म्हणजे काय हे ज्यांनी उभ्या आयुष्यात जवळून पाहिले नव्हते, त्यांच्या हाती रोपे देण्यात आली.

या प्रकरणात सरकार वागले ते माणुसकीने, पण सरकारच्या हाती उरले होते ते फक्त शेवटचे काम: माणसांना उचलून आणणे. हायलँड्सची आणि बेटांची बाकीची खेडीही त्याच वाटेवर होती. रोजगार नाही, वीज नाही, नीट रस्ता नाही, मग तरुण मुले ग्लासगोला नाहीतर कॅनडाला जाणार. सेंट किल्डाच्या लोकांनी अर्ज केला तोवर फार उशीर झाला होता. तो उशीर जॉन्स्टन यांनी जवळून पाहिला. त्या अनुभवाचा आणि तेरा वर्षांनी आलेल्या वीजकायद्याचा संबंध त्यांनी कुठे शब्दांत मांडलेला मला आढळला नाही, तो मी जोडतो आहे. वाचकांनी पाचवे प्रकरण वाचून तो पटतो का ते ठरवावे.

१९३१ हे वर्ष मी भरभर ओलांडले आहे. बेकारीचा प्रश्न हाताळणाऱ्या मंत्र्यांच्या गटात जॉन्स्टन होते. मार्चमध्ये ते लॉर्ड प्रिव्ही सील होऊन मंत्रिमंडळात गेले. ऑगस्टमध्ये बेकारभत्ता कापण्याच्या प्रश्नावर मंत्रिमंडळ फुटले. जॉन्स्टन कपातीच्या विरोधात राहिले. पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड विरोधकांना जाऊन मिळाले, ऑक्टोबरच्या निवडणुकीत मजूर पक्षाचा धुव्वा उडाला आणि जॉन्स्टनही पडले. १९३५ मध्ये ते पुन्हा निवडून आले. या मधल्या वर्षांत त्यांनी जे पाहिले, त्यातून एक गोष्ट मनात पक्की झाली असावी: सभागृहातल्या भाषणाने पोट भरत नाही, आणि लंडनच्या मंत्रिमंडळात स्कॉटलंडचा माणूस एकटा पडतो.

म्हणूनच १९४१ च्या त्या अटी. माजी मंत्र्यांच्या परिषदेत उदारमतवादी होते, हुजूर पक्षाचे होते, आणि त्यांच्यातच जुनी वैरे होती. जॉन्स्टन यांनी त्या सगळ्यांना एका टेबलाशी बसवले आणि मतभेदाचे विषय बाजूला ठेवून ज्यावर एकमत होईल तेवढेच हाती घेतले. असे एकमत घेऊन ते लंडनला जात तेव्हा त्यांना नाही म्हणणे अवघड असे. त्यांचे सहकारी मंत्री हर्बर्ट मॉरिसन यांनी नंतर लिहिले की, हवे ते मिळाले नाही तर स्कॉटलंडमध्ये आयरिश धर्तीची चळवळ पेटेल, अशी भीती जॉन्स्टन घालत आणि आपले काम करून घेत. या आरोपात तथ्य आहे. पण मिळवलेले सगळे त्यांनी कुठे नेले, हे पाहिले म्हणजे आरोपाची धार बोथट होते.

रुग्णालयांचे उदाहरण घ्या. हवाई हल्ल्यांत हजारो माणसे जखमी होतील या अंदाजाने युद्धाच्या सुरुवातीला स्कॉटलंडमध्ये सात नवी आपत्कालीन रुग्णालये बांधली गेली: इन्व्हरनेसचे रेगमोर, अँगसमधले स्ट्रॅकॅथ्रो, पर्थशायरचे ब्रिज ऑफ अर्न, त्यांच्याशिवाय किलर्न, लॉ, बॅलॉकमाइल आणि पील. मार्च १९४१ मध्ये क्लाइडबँकवर भीषण बाँबहल्ला झाला, पण एकंदरीत अंदाज केला होता तितके जखमी आले नाहीत. खाटा रिकाम्या, डॉक्टर आणि परिचारिका पगारावर, आणि शेजारच्याच शहरात हर्निया, पोटाचे विकार, संधिवात अंगावर काढत कारखान्यात उभे राहणारे कामगार. जॉन्स्टन यांनी क्लाइडच्या खोऱ्यात प्रयोग केला. गावातल्या डॉक्टरने थकल्याभागल्या कामगाराला तपासणीसाठी पाठवायचे आणि गरज पडली तर त्याच रिकाम्या खाटेवर फुकट उपचार करायचे. प्रयोग जमला. तो स्कॉटलंडभर नेला, आणि मग साध्या रुग्णालयांत वर्षानुवर्षे नाव लावून बसलेले रुग्णही इथे आणले. युद्ध संपेपर्यंत त्या प्रतीक्षायादीतल्या तीस हजारांहून अधिक लोकांवर उपचार झाले होते. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा आली तेव्हा स्कॉटलंडच्या माणसाला ती अगदीच अनोळखी वाटली नसेल.

फर्निचरसकट भाड्याने दिलेल्या खोल्यांच्या भाड्यावर नियंत्रण आणणारा १९४३ चा कायदाही त्यांचाच. त्यासाठी त्यांनी लवादमंडळे नेमली. दक्षिण इंग्लंडकडे जाणारे कारखाने उत्तरेकडे वळवण्यासाठी उद्योग परिषद काढली.

आणि पाणी. हायलँड्समध्ये पाऊस भरपूर, डोंगर उभे, सरोवरे खोल. या पाण्यावर वीज काढता येईल हे अनेक वर्षे सगळ्यांना ठाऊक होते. पण योजना पार्लमेंटमध्ये आली की ती पाडली जाई. कॅलेडोनियन पॉवर नावाची योजना तीसच्या दशकात तीनदा पडली. कोळसा खाणींचे मालक विरोधात, सामन मासे आणि हरणांच्या शिकारीचे हक्क जपणारे जमीनदार विरोधात, निसर्गसौंदर्याची चिंता करणारे विरोधात. आणि खुद्द हायलँड्सचे काही लोकही विरोधात, कारण वीज दक्षिणेच्या कारखान्यांना जाणार आणि आपल्याला बुडालेली दरी उरणार, अशी त्यांची रास्त शंका होती. जॉन्स्टन यांनी न्यायाधीश लॉर्ड कूपर यांची समिती बसवली, तिचा अहवाल १९४२ च्या अखेरीस आला, आणि १९४३ मध्ये उत्तर स्कॉटलंड जलविद्युत मंडळाचा कायदा मोठ्या विरोधाविना मंजूर झाला. स्थानिक लोकांच्या शंकेचे उत्तर कायद्याच्या पोटातच होते. उत्तर स्कॉटलंडच्या आर्थिक विकासाला आणि सामाजिक सुधारणेला हातभार लावणे हे मंडळाचे कायदेशीर कर्तव्य ठरवले गेले. दक्षिणेच्या शहरांना वीज विकून येणारा नफा दूरदूरच्या खोऱ्यांत तारा नेण्यावर खर्च करायचा होता. एका ओढ्यापलीकडच्या घरापर्यंत खांब रोवण्याचा खर्च त्या घराच्या बिलातून कधीच वसूल होणार नव्हता. तो सगळ्यांनी मिळून सोसायचा, हे तत्त्व.

मंडळाचे पहिले अध्यक्ष लॉर्ड एअर्ली झाले, मोठ्या जमीनदार घराण्यातले. जमीनदारांवर आग पाखडणाऱ्या लेखकाने अशा माणसाला का पुढे केले, असे तेव्हाही विचारले गेले. ज्यांच्या दऱ्यांतून बोगदे जाणार होते त्यांच्यातलाच माणूस आघाडीला असेल तर निम्मा विरोध मावळेल, असा जॉन्स्टन यांचा हिशेब असावा, आणि तो बरोबर ठरला. मंडळाचा तांत्रिक आत्मा होता अभियंता एडवर्ड मॅककॉल. १९४५ मध्ये जॉन्स्टन यांनी खासदारकी सोडली, उमरावपद नाकारले, आणि लवकरच ते स्वतः मंडळाचे अध्यक्ष झाले. १९५९ पर्यंत ते त्या पदावर राहिले.

त्या वर्षांचे चित्र या पुस्तकात मी शक्य तितके जवळून काढले आहे. मंडळाचे काम सुरू झाले तेव्हा हायलँड्समध्ये सहा शेतांपैकी एका शेतावर वीज होती. क्रॉफ्टर म्हणजे थोडकी जमीन खंडाने कसणारे कूळ. त्यांच्या तर शंभर घरांत एकाच घरी दिवा. १९४८ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर मोरार येथील छोटे वीजघर सुरू झाले तेव्हा कळ दाबायला मंत्र्याऐवजी एका क्रॉफ्टर स्त्रीला बोलावले, आणि ती गेलिक भाषेत बोलली. १९५० मध्ये लॉख स्लॉयचे वीजघर उभे राहिले. आयर्लंडच्या डोनेगलहून आलेले बोगदे खोदणारे, पोलंडचे माजी सैनिक, जर्मन माजी युद्धकैदी आणि हायलँड्सची स्थानिक पोरे एकाच छावणीत राहत आणि अंधाऱ्या, पाण्याने ठिबकणाऱ्या बोगद्यांत पाळ्या करत. ऐन भरात सुमारे १२,००० माणसे कामावर होती. वीजघरे स्थानिक दगडात बांधली गेली. ग्लेन अफ्रिकमध्ये खुद्द लॉख अफ्रिक या सरोवराची पातळी न वाढवता योजना आखली गेली. पिटलॉक्रीच्या लोकांनी धरणाला कडवा विरोध केला होता, पर्यटक पाठ फिरवतील म्हणून. धरण झाले, सामन माशांना वर चढता यावे म्हणून ३४ टाक्यांची शिडी बांधली, आणि तीच पाहायला पर्यटक येऊ लागले. १९६५ पर्यंत ५४ मुख्य वीजघरे आणि ७८ धरणे उभी राहिली. त्याच वर्षी सप्टेंबरात जॉन्स्टन यांचे निधन झाले. डोंगराच्या पोटात कोरलेल्या क्रूआखन वीजघराचे उद्घाटन पुढच्या महिन्यात झाले.

याच काळात वन आयोग, पर्यटन मंडळ, बीबीसीची स्कॉटलंडची परिषद अशी पदेही त्यांच्याकडे आली. अ‍ॅबर्डीन विद्यापीठाचे ते कुलपती होते. या सगळ्यांचा तपशील परिशिष्टात दिला आहे, कारण त्यांत त्यांनी मन ओतले असले तरी छाप वीजमंडळाचीच मोठी.

आता माझा आक्षेप. जॉन्स्टन यांनी पाणी लोकांच्या हाती दिले, पण जमीन तिथेच राहिली. १९०९ मध्ये ज्या प्रश्नाने त्यांनी सुरुवात केली, त्याला मंत्री असताना त्यांनी हात लावला नाही. एकमताची पद्धत स्वीकारली की ज्यावर एकमत होणारच नाही असा प्रश्न आपोआप बाहेर राहतो, आणि स्कॉटलंडमध्ये तो प्रश्न जमिनीचा होता. दुसरे असे की विजेने हायलँड्सचे जगणे सोपे केले, पण माणसांची गळती तिच्यामुळे थांबली नाही. एकटी वीज ती थांबवू शकलीही नसती. रस्ते, कारखाने, मासेमारी यांची जोड हवी होती, आणि मंडळाच्या सामाजिक कर्तव्याला लंडनच्या अर्थखात्याने पुढे कधी मनापासून दाद दिली नाही. १९९१ मध्ये मंडळाचे खासगीकरण झाले. जॉन्स्टन यांच्या स्वराज्याच्या भूमिकेविषयीही वाद आहे. तरुणपणी ते स्कॉटलंडच्या कायदेमंडळाचे खंदे समर्थक होते. पुढे त्यांना वाटू लागले की उद्योग आणि माणसेच उरली नाहीत तर ते कायदेमंडळ चालवणार कशाचा कारभार. १९९९ मध्ये एडिनबराला स्कॉटलंडची संसद पुन्हा बसली, तेव्हा अनेकांना त्यांची आठवण झाली. त्यांचा क्रम बरोबर होता की संसदेची मागणी लांबणीवर टाकून त्यांनी चूक केली, यावर स्कॉटिश इतिहासकारांत आजही एकवाक्यता नाही. माझा कल त्यांच्या बाजूने आहे. १९४३ साली हाती असलेल्या अधिकारांतून ती धरणे बांधली नसती, तर दुसऱ्या कुणी ती बांधली असती असे मला दिसत नाही.

पुस्तकाची रचना कालक्रमाने आहे, पण ती पाळलीच पाहिजे असे नाही. डंडी आणि बंगालच्या तागाचे तिसरे प्रकरण स्वतंत्रपणे वाचता येते. जलविद्युत मंडळाच्या पाचव्या आणि सहाव्या प्रकरणांत आकडे बरेच आहेत. कोणत्या दरीत कधी वीज पोचली आणि तिथे किती घरे होती, हे कळल्याशिवाय त्या कामाचे माप लागत नाही, म्हणून ते ठेवले. स्थळनामे शक्यतो स्थानिक उच्चाराला धरून लिहिली आहेत. ‘अवर स्कॉट्स नोबल फॅमिलीज’वरचे दुसरे प्रकरण शेवटच्या प्रकरणानंतर पुन्हा एकदा चाळावे, अशी वाचकांना विनंती आहे. जमिनीचा प्रश्न तिथे जसा मांडला आहे, तो स्कॉटलंडमध्ये अजून मिटलेला नाही, आणि एडिनबराची संसद आज त्यावरच कायदे करते आहे.